शाळेच्या जुन्या बाकाचे वय आणि मोल

आपल्या प्रश्नाचा आशय असा आहे: तळकोकणातील एका हायस्कूलने मोडीत काढलेले दोन बाक आपण जुन्या सामानाच्या व्यापाऱ्याकडून घेतले आहेत. प्रत्येक बाकावर दोन विद्यार्थी बसतील अशी रचना आहे, पाय बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे आहेत, फळ्या सागवानी दिसतात आणि वरच्या फळीत दौतीसाठी भोके आहेत. विक्रेत्याने ते ‘१८६० सालचे, अस्सल बर्मा टीक’ असल्याचे सांगितले. हे खरे आहे का, त्यांची किंमत किती धरावी, पॉलिश करून घ्यावे का, आणि एक बाक अमेरिकेत असलेल्या मुलीकडे पाठवता येईल का, असे आपण छायाचित्रे पाठवून विचारले आहे.

जुन्या लाकडी सामानाची दुरुस्ती आणि मूल्यांकन मी गेली अनेक वर्षे करत आहे, आणि त्या अनुभवावरून पहिली विनंती अशी की, बाकी काहीही ठरण्यापूर्वी पॉलिशवाल्याला बोलावू नका. शाळेच्या सामानाचे मोल ज्या गोष्टींत असते त्या जवळजवळ सगळ्या वरच्या एक-दोन मिलिमीटरमध्ये असतात: शाईचे डाग, कर्कटकाने कोरलेली नावे, तेलरंगात घातलेला अनुक्रमांक, शाळेच्या नावाची आद्याक्षरे, पाय ठेवून झिजलेली आडवी पट्टी. सँडर एकदा फिरला की हे सगळे भुशाबरोबर निघून जाते आणि उरते ते फक्त चांगले लाकूड. या व्यवसायाच्या सुरुवातीला मी स्वतः सहा बाकांवरचे पांढरे आकडे आणि अक्षरे मळ समजून खरवडून काढली होती. काही महिन्यांनी त्या शाळेचे एक वयस्कर माजी विद्यार्थी वर्गाचा जुना फोटो घेऊन आले. फोटोत तेच आकडे स्पष्ट दिसत होते, पण माझ्या समोरचे बाक त्याच वर्गातले आहेत हे सिद्ध करण्याचा एकमेव पुरावा मी माझ्या हातांनी नाहीसा केला होता. तेव्हापासून मी कोणत्याही बाकाला पाणी लावण्यापूर्वी त्याची सर्व बाजूंनी छायाचित्रे काढतो.

आता वयाकडे वळू. १८६० हे साल मला पटत नाही, आणि त्याचे कारण लाकडात नसून आपल्याकडच्या शाळांच्या इतिहासात आहे. पंतोजींच्या शाळेत मुले जमिनीवर बसत आणि धूळपाटीवर अक्षरे गिरवत. तिथे बाक नव्हतेच. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर १८५५ साली मुंबई इलाख्यात शिक्षण खाते उभे राहिले, तरी मराठी प्राथमिक शाळांत बसकरपट्ट्याच चालू राहिल्या, आणि खेड्यापाड्यांत त्या स्वातंत्र्यानंतरही कित्येक वर्षे होत्या. बाक आले ते आधी सरकारी आणि मिशनच्या इंग्रजी शाळांत, मग पुण्यात १८८० साली निघालेल्या न्यू इंग्लिश स्कूलसारख्या खासगी शाळांत, आणि तालुक्याच्या गावी हायस्कुले निघू लागली तेव्हा तिथे. तालुक्याच्या गावची हायस्कुले बहुतेक विसाव्या शतकातली आहेत. दुसरे असे की, बिडाच्या पायांचा दोघांचा बाक ही रचना ब्रिटनमध्ये १८७० च्या प्राथमिक शिक्षण कायद्यानंतर मोठ्या प्रमाणावर पसरली, कारण तेव्हा एकदम हजारो वर्गखोल्या सजवायच्या होत्या. म्हणजे १८६० साली तळकोकणात असा बाक असणे फारच अवघड आहे. विक्रेता मुद्दाम खोटे बोलला असेल असे मी म्हणत नाही. या बाजारात ‘ब्रिटिशकालीन’ या शब्दापुढे एखादे साल लावण्याची सवयच पडली आहे.

बिडाच्या पायांवरून बरेच काही कळते. दोन्ही पायांच्या आतल्या बाजूवरचा मळ मऊ ब्रशने झाडून, टॉर्च आडवी धरून उठावाची अक्षरे शोधा. ब्रिटनमध्ये १८४२ ते १८८३ या काळात नोंदणी झालेल्या नमुन्यावर शंकरपाळ्याच्या आकाराची खूण असे, आणि १८८४ पासून तिच्या जागी ‘आरडी’ या इंग्रजी अक्षरांपुढे सलग चढता क्रमांक येऊ लागला. असा क्रमांक सापडला तर नमुन्याची नोंदणी कोणत्या वर्षी झाली हे ठरवता येते. मात्र ते नमुन्याचे वर्ष असते, आपल्या बाकाचे नव्हे. एकच साचा वीस-वीस वर्षे ओतला जात असे. डार्लिंग्टनची नॉर्थ ऑफ इंग्लंड स्कूल फर्निशिंग कंपनी किंवा ग्लासगोची बेनेट ही तिकडची नामवंत घराणी होती. आपल्या पायांवर असे काही नाव नसेल तर निराश होऊ नका, कारण देशी ओतकामही पुष्कळ झाले आहे आणि शाळेच्या इतिहासाच्या दृष्टीने ते मला अधिक मोलाचे वाटते.

नक्कल ओळखण्याची एक खात्रीची युक्ती सांगतो. बीड थंड होताना साधारण एक टक्का आकसते. म्हणून मूळ पायालाच साचा मानून त्यावरून नवा पाय ओतला, तर तो मूळ पायापेक्षा तेवढाच लहान येतो: ६० सेंटिमीटर उंचीच्या पायात सुमारे ६ मिलिमीटरचा फरक पडतो. त्याचबरोबर अक्षरांच्या कडा बोथट होतात आणि फुलापानांच्या नक्षीतली खोली भरून जाते. आपल्याकडे चार पाय आहेत. चारही पाय मोजा. त्यांतला एखादाच लहान भरला तर तो मोडलेल्या पायाच्या जागी नंतर ओतून घेतलेला असणार, आणि तशी दुरुस्ती शाळेनेच केली असेल तर मी तिला दोष मानत नाही. पायावर कुठे पिवळसर रेघ दिसली तर ती पितळ वितळवून जोडलेल्या तड्याची आहे. नव्या मालावर कडा ग्राइंडरने घासल्याच्या चकचकीत चंद्रकोरी राहतात; जुन्या पायावर त्या जागी कानशीचे आडवेतिडवे ओरखडे असतात.

पाय जुने आणि फळ्या नव्या, अशी जोडतोड बाजारात सर्वांत जास्त आढळते. बिडाचे पाय टिकतात, पण फळ्या वाळवी खाते, पावसात कुजतात किंवा कोणीतरी चुलीत घालतो. ती ओळखायची असेल तर बाक उलटा करून पाहा. लोखंड आणि साग वर्षानुवर्षे एकमेकांना चिकटून राहिले की दमट हवेत लाकडावर काळा डाग उतरतो, आणि कोकणच्या हवेत तर तो हमखास उतरतो. हा डाग पायाच्या वरच्या पट्टीच्या आकाराबरहुकूम असला पाहिजे. डाग नाही, किंवा आहे पण दुसऱ्याच जागी आहे, किंवा बोल्टाच्या भोकांशेजारी कशासाठी पाडली ते कळत नाही अशी रिकामी भोके आहेत, तर फळी कुठून तरी दुसरीकडून आली आहे. खालची बाजू सहसा पॉलिश केलेली नसते. ती कोरडी, करडी-तपकिरी आणि सगळीकडे साधारण सारखी दिसायला हवी. तीच जर गडद चॉकलेटी आणि खाचांमध्ये जास्त काळी दिसली, तर रंग देऊन किंवा पोटॅशियम परमँगनेटचे पाणी लावून ती म्हातारी केलेली आहे.

किड्यांच्या भोकांबाबत लोकांची फसगत होते, म्हणून जरा थांबतो. लाकूड पोखरणारा किडा बाहेर पडताना पृष्ठभागावर फक्त एक गोल भोक ठेवतो. त्याची नागमोडी बोगदेवजा वाट आत लपलेली असते. फळीच्या पृष्ठभागावर या वाटाच उघड्या, पन्हळीसारख्या दिसत असतील, तर किडा लागून गेल्यानंतर ते लाकूड पुन्हा कापले किंवा रंधले आहे. म्हणजे लाकूड जुने, पण वस्तू नवी. जुन्या घराच्या तुळयांपासून केलेले बाक असेच असतात. भोकांतून पिवळसर ताजा भुसा पडत असेल तर किडा जिवंत आहे, आणि तो घरातल्या बाकीच्या लाकडात जाण्याआधी उपचार करून घ्यावेत.

करवतीच्या खुणाही खालच्या बाजूलाच दिसतात. दोघांनी ओढलेल्या आऱ्याच्या रेघा सरळ पण असमान अंतराच्या असतात, गोल करवतीच्या कमानदार असतात, तर पट्टा करवतीच्या सरळ आणि सारख्या अंतराच्या असतात. आपल्याकडे हाताने कापणे फार उशिरापर्यंत चालू होते, त्यामुळे आऱ्याच्या रेघा दिसल्या म्हणून बाक शंभर वर्षांचा होत नाही. स्क्रूंचे मात्र थोडे वेगळे आहे. फुलीच्या खाचेचा स्क्रू १९३० च्या दशकात अमेरिकेत निघाला आणि आपल्याकडे त्याच्या कितीतरी नंतर रुळला. तो बाकाच्या मूळ सांध्यात सापडला तर बाक नवा आहे किंवा तो सांधा नव्याने उघडलेला आहे. मापांवर फार विसंबू नका. फळी बरोबर एक इंच किंवा सहा सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जाडीची भरली तरी आमचे सुतार आजही इंच आणि सुतातच बोलतात.

दौतीच्या भोकाचेही तसेच आहे. टाक आणि दौत वापरात असेपर्यंत भोक हवेच होते, परंतु फाउंटन पेन आणि पुढे बॉलपेन सर्रास झाल्यावरही सुतारांनी जुना बाक समोर ठेवून नवे बाक केले आणि भोक तसेच पाडत राहिले. म्हणून मी भोक पाहत नाही, भोकाचा काठ पाहतो. चिनी मातीची दौत बसत असलेल्या भोकाच्या आत शाई लाकडात मुरलेली असते आणि काठ बोटांनी गुळगुळीत होतो. आत स्वच्छ, कोरडे लाकूड असेल तर त्या भोकात दौत कधी बसलेलीच नाही.

आपल्या तिसऱ्या छायाचित्रात, उजव्या हाताच्या दौतीजवळ, मला कोरलेल्या अक्षरांची एक ओळ दिसते आणि ती मला मोडी वाटते. हे खरे ठरले तर या सगळ्या प्रकरणातील सर्वांत मौल्यवान गोष्ट तीच आहे. मोडी साधारण १९५० पर्यंत शाळांतून शिकवली जात होती. त्यानंतरच्या मुलाने बाकावर मोडीत नाव कोरण्याची शक्यता अगदी थोडी. म्हणजे एका विद्यार्थ्याच्या कर्कटकाने आपल्याला बाकाच्या वयाची एक मर्यादा दिली आहे. त्या अक्षरांच्या तळाशी मळ आणि जुन्या लाखेचा थर असला पाहिजे. तळ फिकट आणि ताजा असेल तर कोरीवकाम अलीकडचे. अंधाऱ्या खोलीत दिवा एका बाजूने अगदी आडवा धरून फोटो काढा आणि मोडी जाणणाऱ्या व्यक्तीला दाखवा.

‘बर्मा टीक’बद्दल थोडक्यात. बर्माचा साग मुंबईत मोठ्या प्रमाणावर येत होता हे खरे. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही कंपनी १८६३ साली स्थापन झाली आणि सागाचा व्यापार हाच तिचा मुख्य उद्योग होता. पण कोकणातल्या शाळेला डांग, कारवार किंवा दांडेलीकडचा सागही मिळू शकत होता, आणि रंधलेल्या फळीकडे नुसत्या डोळ्यांनी पाहून हा बर्माचा आणि हा दांडेलीचा असे छातीठोकपणे सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही. साग आहे की नाही एवढे मात्र घरी तपासता येते: न दिसणाऱ्या जागी ब्लेडने किंचित खरवडल्यावर चामड्यासारखा वास आणि बोटाला तेलकट स्पर्श जाणवतो. कोकणात फणस, ऐन आणि आंबाही बाकांसाठी वापरलेला आढळतो. फणसाची फळी जुनी झाली की रंगाने सागाशी मिळतीजुळती दिसते, पण तिचे खरवडलेले लाकूड पिवळे निघते.

वरचा थर कशाचा आहे हे पाहण्यासाठी कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून खालच्या कडेला क्षणभर टेकवा. चपड्या लाखेचे जुने पॉलिश स्पिरिटने मऊ पडते आणि कापसाला लागते. मेलामाइन किंवा पॉलियुरेथेन या आधुनिक कृत्रिम पॉलिशवर काहीच होत नाही. लाख निघाली म्हणजे बाक जुना असे नाही, परंतु मेलामाइन निघाले तर तो थर नक्कीच अलीकडचा आहे.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख करतो, कारण आपण पुढेही खरेदी करणार असल्याचे लिहिले आहे. उतरत्या झाकणाचे, जमिनीवर मांडी घालून वापरायचे बुटके मेज ‘जुन्या शाळेचे डेस्क’ म्हणून सर्रास विकले जाते. त्यातली बहुसंख्य मेजे पेढीवरच्या मुनीमांची किंवा कारकुनांची आहेत. आत कुलपाची जागा, नाण्यांसाठी छोटे कप्पे आणि वह्यांसाठी लांब खण असेल तर त्याचा शाळेशी संबंध नाही. ती वस्तू वाईट नाही, उलट पुष्कळदा कारागिरीने बाकापेक्षा सरस असते. पण तिची किंमत तिच्या खऱ्या नावाने ठरावी.

आता किमतीविषयी. छायाचित्रे पाहून मी आकडा सांगणार नाही, पण तो कसा काढतो ते सांगतो. प्रथम लाकूड मोजतो. समजा वरची फळी ४२ × १५ × १ इंच, बैठक ४२ × १० × १, पाठीची फळी ४२ × ६ × १, खालचा दप्तराचा कप्पा ४२ × १२ × पाऊण इंच आणि दोन आडव्या पट्ट्या प्रत्येकी ४२ × ३ × १ इंच आहेत. हे सगळे मिळून १,९३२ घनइंच होते. एका घनफुटात १,७२८ घनइंच असतात, म्हणजे लाकूड सुमारे १.१२ घनफूट. आपल्या गावच्या वखारीत जुन्या सागाचा त्या दिवशी जो दर असेल त्याने गुणा आणि बिडाचे वजन भंगाराच्या दराने त्यात मिळवा. ही तळाची किंमत. याखाली कोणी मागत असेल तर देऊ नका. मुंबईच्या चोर बाजारातील मटण स्ट्रीटवर किंवा जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात दुकानदार सांगतो तो आकडा दुसऱ्या टोकाचा असतो. तो घासाघिशीचा प्रारंभ आहे, विक्रीची किंमत नव्हे, आणि त्यात जागेचे भाडे, वाहतूक आणि दुरुस्ती धरलेली असते. आपल्याला विकायचे झाल्यास त्या आकड्याचा अर्धा भाग हाती येईल इतकीच अपेक्षा मी अशिलांना ठेवायला सांगतो.

या दोन टोकांमध्ये बाक कुठे बसतो हे अखंडपणावर आणि पुराव्यावर ठरते. चारही मूळ पाय, मूळ फळ्या आणि न घासलेला पृष्ठभाग असेल तर मी वरच्या बाजूला सरकतो. वरची फळी बदललेली असेल तर मी किमान एक तृतीयांश वजा करतो, कारण विद्यार्थ्यांचा सगळा इतिहास तिच्यावरच असतो. लागोपाठचे क्रमांक असलेली जोडी सुट्या दोन बाकांपेक्षा अधिक मोलाची आहे, म्हणून शक्य असेल तर आपली जोडी फोडू नका. कॅफेवाल्याला बाक फक्त दिसायला हवा असतो, मालिकांच्या कलाविभागाला तो भाड्याने हवा असतो, पण शाळेच्या माजी विद्यार्थ्याला तोच बाक हवा असतो. आणि सर्वांत जास्त किंमत तो माजी विद्यार्थीच देतो, जर बाक त्याच शाळेचा आहे हे दाखवता आले तर.

खुणांचे मोल किती वाढू शकते याचे उदाहरण चंडीगडचे आहे. वास्तुरचनाकार पिएर जानरे यांच्या देखरेखीखाली तेथील कार्यालये, विद्यापीठ आणि महाविद्यालयांसाठी १९५० च्या दशकापासून सागवान आणि वेताच्या खुर्च्या, बाक व मेजे तयार झाली. पुढे ती मोडकी म्हणून गच्चीवर रचली गेली आणि भंगाराच्या भावाने लिलावात विकली गेली. त्याच वस्तू युरोप-अमेरिकेच्या लिलावगृहांत लाखो रुपयांना जाऊ लागल्या, तेव्हा अस्सलपणाची खूण म्हणून लोक शोधू लागले ते पाठीमागे रंगवलेले विभागाचे नाव आणि क्रमांक. आपला बाक त्या श्रेणीत जाणार नाही, पण न्याय तोच आहे.

मुलीकडे पाठवण्याचा प्रश्न काळजीपूर्वक हाताळा. १९७२ चा पुरावशेष आणि कलानिधी कायदा १९७६ पासून लागू आहे. शंभर वर्षे किंवा त्याहून जुनी, गतकाळातील कला, कारागिरी किंवा जीवनरीती दाखवणारी वस्तू त्यात पुरावशेष म्हणून मोडू शकते, आणि अशा वस्तूची निर्यात खासगी व्यक्तीला करता येत नाही. माझ्या अंदाजाने आपले बाक १९२० ते १९५० या दरम्यानचे असावेत, म्हणजे ते या सीमारेषेवर येतात. म्हणून पाठवण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून वस्तू पुरावशेष नसल्याचा दाखला घ्यावा. फळ्या सागाच्या असल्या तर लाकडाची वेगळी अडचण नाही. एखादी शिसवी निघाली तर मात्र दुर्मिळ वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय ‘साइटीस’ कराराचे परवाने लागू होतात. विक्रेत्याने सांगितलेले १८६० साल आपण सीमाशुल्काच्या कागदावर सहज लिहून टाकलेत, तर अडचण आपणच ओढवून घ्याल.

तोपर्यंत निगा एवढीच घ्या: कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढा, घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा आणि लगेच कोरडे करा. मधमाश्यांच्या मेणाचा पातळ हात चालेल. जवसाचे तेल लावू नका, ते काळानुसार काळवंडते आणि अक्षरे बुजवते. बिडावरचा सैल गंज तारेच्या ब्रशने काढून तेलाचे बोट फिरवा. जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून तो कोरडा घासू नका, आणि बाक लहान मुलांना वापरायला देणार असाल तर हे विशेष लक्षात ठेवा.

आणि सर्वांत आधी, जमल्यास याच महिन्यात, त्या हायस्कूलमध्ये स्वतः जाऊन या. प्रत्येक शाळेत जडवस्तूंची नोंदवही असते, तिला कार्यालयात ‘डेडस्टॉक रजिस्टर’ म्हणतात. सामान मोडीत काढताना निर्लेखनाचा ठराव होतो आणि लिलावाची पावती फाडली जाते. मुख्याध्यापकांना विनंती करून जुन्या वहीतली बाकांच्या खरेदीची नोंद शोधा. तिथे तारीख, नग, दर आणि अनेकदा पुरवठादाराचे किंवा सुताराचे नाव मिळते. त्या पानाचे आणि निर्लेखनाच्या ठरावाचे छायाचित्र घ्या, आपल्या बाकांवरील क्रमांकांशी ताडून पाहा, आणि ते दोन्ही कागद व्यापाऱ्याच्या पावतीसोबत एका पाकिटात घालून बाकाच्या कप्प्यात ठेवा. ते मिळाले की मला पुन्हा लिहा. मग मी आकडा सांगू शकेन.